एक थाप उजवी, दोन थापा डावी

वस्ताद वारल्याचा निरोप मला सकाळीच आला. दुपारी येवल्याला माती होती. येवला काही लांब नाही, नाशिकला द्वारकेच्या चौकात उभं राहिलं की गाडी मिळते. मी गेले नाही. त्या दिवशी मी कपडे धुतले, डाळ शिजवली आणि दुपारी झोपले. शेजारणी म्हणाल्या, दीड वर्ष त्यांच्या मागे छत्री धरून उभी राहिलीस आणि शेवटचं तोंड पाहायला गेली नाहीस. मी म्हटलं, त्यांनी तरी माझं तोंड कधी पाहिलं होतं?

ते आंधळे होते. मी त्यांच्याकडे कामाला लागले त्याच्या आधीच काचबिंदूने दोन्ही डोळे गेले होते. आणि तरी ते चाबुकस्वार होते, म्हणजे कच्च्या घोड्याला खोगीर, लगाम आणि चाल शिकवणारा माणूस. डोळे नसलेला माणूस घोडं कसं शिकवतो, हे बघायला नाशिकहून लोक यायचे.

त्याआधी मी दिंडोरीच्या बाजूला द्राक्षबागेत कामाला होते. विरळणी करायची, फवारणीच्या दिवसांत ट्रॅक्टरमागे नळी ओढायची. पुढे छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टर म्हणाला, औषधाचा वास बंद करा, नाहीतर माझ्याकडे येणं बंद करा. बागेला लागूनच एका माणसाने घोड्यांचा तबेला काढला होता. वाइनरीत येणारे लोक शनिवार-रविवार तिथे घोड्यावर बसायला येत. तबेल्यात लीद काढायला आणि गवत टाकायला बाई हवी होती. मी चौथीपर्यंत शिकलेली. लीद काढायला तेवढं पुरतं.

पहिल्याच दिवशी मालक कोणाला तरी सांगत होते, या घोडीला अजून कँटर यायचा आहे. आमच्याकडे कँटर म्हणजे द्राक्षं भरायची गाडी. मला वाटलं, घोडी गाडीत चढायला घाबरते. मी म्हटलं, मालक, गाडी मागून उंचवट्याला लावा, आपोआप चढेल. सगळा तबेला हसला. पोतं अंथरून बसलेला एक म्हातारा तेवढा हसला नाही. तो म्हणाला, "ही बाई मला द्या. हिला काही ठाऊक नाय, म्हणजे चुकीचंबी काही ठाऊक नाय."

तेच वस्ताद.

त्यांनी मला त्याच दिवशी पेंडीचा डबा उपडा घालून ठोके वाजवून दाखवले. घोडा सावकाश चालतो तेव्हा चार ठोके. दुडक्या चालीत दोन. आणि मालक ज्याला कँटर म्हणतात त्यात तीन ठोके, मग एक गप्प. त्या गप्प राहण्यात घोड्याचे चारी पाय हवेत असतात. वस्ताद कँटर हा शब्द तोंडात घेत नसत. ते 'तीन ठोके' म्हणत. घोडा डावीकडे गोल फिरत असेल तर तिसरा ठोका पुढच्या डाव्या पायाचा पडला पाहिजे. उजवीकडे फिरत असेल तर उजव्याचा. उलटा पाय पडला तर वळणावर घोडा स्वतःच्याच पायात अडकतो. हे त्यांना नुसतं ऐकून कळायचं. रिंगण म्हणायचं, पण होतं चौकोनी; त्याच्या मधोमध एक दगडी कुंडी पालथी घातलेली होती, तिच्यावर ते बसायचे आणि मान खाली घालून ऐकायचे. मधेच म्हणायचे, उलटा, थांबव. आणि बघावं तर खरोखर उलटा पाय असायचा.

माणसंही ते अशीच ओळखायचे. पाय वाजला की नाव. तेही आईबापाने ठेवलेलं नव्हे, त्यांनी ठेवलेलं. मी लवकर लवकर लहान पावलं टाकते म्हणून मी दुडकी. मालक एक चप्पल घासत चालायचे, ते फरफट. मालकांच्या तोंडावर ते मालक म्हणत, पण मालक वळले की लगेच, "फरफट गेला का?" एकदा घोड्याच्या पोटात कळ आली म्हणून जनावरांचा डॉक्टर आला होता. तो दारातून आत येईपर्यंत वस्ताद म्हणाले, याच्या डाव्या गुडघ्यात पाणी हाय, हा काय घोडं बरं करणार. डॉक्टरने ऐकलं. गुडघ्यात खरंच पाणी होतं. तो पुन्हा आला नाही.

चांगला माणूस होता असं मी म्हणणार नाही. तोंडाने वाईट होते. चूक झाली की आईवरून शिवी द्यायचे आणि मग त्याच तोंडाने घोड्याला बेटी म्हणायचे. घोड्याच्या मानेवर कोणी जोरात थोपटलं तर त्याच्या अंगावर धावून जायचे. "हात ठेव. मारू नको. तुझ्या गालावर कोणी असं प्रेम केलं तर चालेल का?" घोड्यांचे हरभरे आधी स्वतः चावून बघायचे आणि भिजले नसतील तर देणाऱ्याच्या पायावर थुंकायचे. माझ्याही पायावर थुंकलेत. मी त्यांच्या चहात दोन दिवस साखर घातली नाही. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही, तिसऱ्या दिवशी घातली.

रिंगणात त्यांचा एकच कायदा होता. रिंगणात आवाज एकाचा. घोड्यावर बसलेला माणूस मेला तरी त्याने स्वतःच्या मनाने काही करायचं नाही, वस्ताद सांगतील ते. मालकांनाही तिथे बोलायची परवानगी नव्हती.

ते तबेल्याच्या टोकाच्या खोलीत राहायचे. एक खाट, एक पेटी, खुंटीला एक कातडी चाबूक. दर शुक्रवारी त्याला तेल लावायचे. तो घोड्याला मारलेला मी पाहिला नाही. बायको वारलेली. एकच मुलगी, येवल्यात विणकराच्या घरी दिलेली. त्या घरात दोन माग, चार मुलं. पैठणीचे माग खड्ड्यात बसवलेले, त्यामुळे जमिनीवरही जागा नाही. मालक कधी चिडून म्हणायचे, वस्ताद, मुलीकडे जा आता आराम करा. वस्ताद म्हणायचे, कुठं झोपू, मागाच्या खड्ड्यात? सगळे हसायचे. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. ती खोली गेली तर त्यांना जायला जागा नव्हती. आणि खोली होती ती कानांमुळे. नुसता आंधळा म्हातारा कोण पोसतो?

कान गेले हे मला आधी कळलं.

द्राक्षं उतरायच्या दिवसांत बागवाले पाखरं हाकायला बार उडवतात. एकदा शेजाऱ्याने बार अगदी कुंपणाशी उडवला. सगळे घोडे उसळले, एकाने दोर तोडला, माझ्या हातातली बादली पडली. वस्ताद बशीतून चहा पीत होते. बशी हललीही नाही. कामावरची माणसं म्हणाली, काय काळीज आहे म्हाताऱ्याचं. मी बघत होते. घोडे नाचायला लागल्यावर त्यांनी अनवाणी तळवे जमिनीवर दाबले आणि विचारलं, "कोण सुटलं?" बार ऐकलाच नव्हता. जमीन हलली तेव्हा कळलं.

मग मला आठवलं की बऱ्याच दिवसांत त्यांनी मला दुडकी म्हटलं नव्हतं. कोणालाच काही म्हटलं नव्हतं. पाय वाजले तरी गप्प बसत, हात लावला की बोलत.

बादली उचलून मी कामाला लागले. पण दुसऱ्या दिवशी गवत टाकायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं. हात राठ आणि बांगडी नाही एवढ्यावरून मी कोण ते ओळखलं असणार. म्हणाले, "तुला कळलंय." मी म्हटलं हो. त्यांना ते ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांच्या हातावर हात दाबला. डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर अजून थोडं ऐकू येतं, हे त्यांनीच सांगितलं. पण ओरडायचं नाही, हेही सांगितलं.

मग त्यांनी मला पाय बघायला शिकवलं. त्या वयात मला रिंगणात लहान मुलांसारखं घोडा-घोडा करत उड्या मारायला लावल्या, एक पाय कायम पुढे ठेवून. पातळ खोचून मी डावीकडून फेरी मारायची, मग उजवीकडून. कामावरची माणसं पोट धरून हसली. एकजण म्हणाला, मावशी, येवल्याच्या घोडेबाजारात तुला चांगलं गिऱ्हाईक मिळेल. पण महिन्याभरात मला घोड्याचा कोणता पाय पुढे पडतो ते डोळे मिटून उघडेपर्यंत दिसायला लागलं.

उन्हाचं कारण काढून मी त्यांच्या मागे छत्री धरून उभी राहायची. डाव्या हातात छत्री, उजवा हात त्यांच्या पाठीवर. घोडा तीन ठोक्यांवर आला की मी बोटांनी थाप द्यायची. एक थाप म्हणजे उजवा पाय. दोन थापा म्हणजे डावा. बाकी काही ठरलं नव्हतं. थांबला, मोडला, उधळला हे त्यांना पायाच्या तळव्यातून कळायचं. एवढ्यावर आमचं दीड वर्ष चाललं.

आणि चांगलं चाललं. लोकांना काही कळलं नाही. उलट नाव वाढलं. वाइनरीतून आलेली मुलं-मुली फोन धरून उभ्या राहायच्या. एक पुण्याचा माणूस घोड्यावरून ओरडला, आजोबा, सांगा माझा कोणता पाय? मी एक थाप दिली. वस्ताद म्हणाले, "घोड्याचा उजवा. तुझे दोन्ही चुकलेत, टाचा खाली कर." टाचांचं ते प्रत्येक नव्या माणसाला म्हणत, पण लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी हे का केलं, असं पुढे मला खूप जणांनी विचारलं. म्हाताऱ्याची दया आली, असं मी सांगायची. दया होती. पण खरं सांगायचं तर मला तिथे मधोमध उभं राहायला आवडायचं. जन्मभर मी कडेला उभी राहिले होते, बागेत, रेशनला, लग्नात. इथे घोडे माझ्याभोवती फिरत होते आणि वस्तादांच्या तोंडातून मी बोलत होते. माणसं मला छत्रीवाली म्हणून चिडवायची. मला राग यायचा नाही.

त्याच वर्षी एक कुमैत घोडी आली. लालसर काळी, चार वर्षांची. मालकांनी ती येवल्याच्या बाजारातून आणली होती. पाठीवर कधी पोतंही पडलेलं नव्हतं. वस्तादांनी तिच्या सगळ्या अंगावरून हात फिरवला, मागच्या पायांवर जास्त वेळ, आणि म्हणाले, हिला घाई करायची नाय.

तिच्यावर बसायला पेठ तालुक्याकडची एक मुलगी होती. वीस-बावीस वर्षांची, अंगाने काडी, अनवाणी चालायची. चालली तर आवाज नाही. कान शाबूत होते तेव्हा वस्तादांनी तिचं नाव मांजरपाय ठेवलं होतं. बापाबरोबर द्राक्षाच्या कामाला आली होती, घोडे बघितले आणि बागेत परत गेलीच नाही. तिचं म्हणणं होतं की आपण पोलिसांच्या घोड्यांवर भरती व्हायचं. मी विचारलं, तिथं बाया घेतात का? ती म्हणाली, "नाय घेत तर मला बघून घेतील."

पहिले काही आठवडे नुसता कावा. म्हणजे लांब दोराला धरून घोडीला गोल फिरवायचं, पाठीवर काही नाही. मग रिकामं खोगीर. तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळला की घोडी पोट फुगवायची, ती श्वास सोडेपर्यंत वस्ताद थांबायला लावायचे. मग मुलगी वर बसली. दोरावर मोकळी असताना घोडी छान तीन ठोके द्यायची, पण पाठीवर वजन आलं की तिला ते जमेना. दुडकतच राहायची, सांगितलं की आणखी जोरात दुडकायची, मान वर, डोळे पांढरे. मालक रिंगणाबाहेरून म्हणाले, एक चाबूक वाजवा, जाईल. वस्तादांना ते मी नंतर, आसपास कोणी नसताना, कानात सांगितलं. ते म्हणाले, पळवून पळवून तीन ठोके येत नसतात. घाबरलेलं घोडं पळतं, शिकत नाय.

ते रोज तिला एकाच कोपऱ्यावर सांगायला लावायचे. तोच कोपरा, मुलीचा बाहेरचा पाय थोडा मागे, आतला लगाम हलका, एकदाच. नाही आलं तर सोडून द्यायचं, परत चालायचं. मला वाटलं, यात पावसाळा लागेल. आणि एका सकाळी त्याच कोपऱ्यावर घोडीने पाठ उचलली आणि झोका घेतल्यासारखी पुढे गेली. तीन ठोके, गप्प. तीन ठोके, गप्प. मी दोन थापा दिल्या, जोरात बसल्या. मुलगी वर मोठ्याने हसत होती. वस्तादांनी तिला अर्ध्या फेरीत थांबवलं, घोडीवरून उतरवलं आणि खोगीर काढायला लावलं. आज एवढंच. बेटीला वाटलं पाहिजे की आपण केलं म्हणून सुट्टी मिळाली.

पंधरा दिवसांत घोडी डावीकडे आणि उजवीकडे, दोन्ही बाजूंनी फिरताना तीन ठोके द्यायला लागली. अजून कच्ची होती. मालकांनी मात्र फोन करून गिऱ्हाईक बोलावलं. त्र्यंबकच्या रस्त्याला कोणाचं तरी रिसॉर्ट होतं, त्यांना घोडी हवी होती.

त्या दिवशी सकाळी घोडी मागून आखडलेली होती. आदल्या दिवशी तिने फळीला लाथ मारली होती. उजवा मागचा पाय ती टेकवून ठेवत नव्हती, टोकावर धरत होती. मी पाहिलं, मुलीनेही पाहिलं. ती मालकांना म्हणाली, आज नको. मालक म्हणाले, माणसं येऊन बसली आहेत, दोनच फेऱ्या मार. ती वस्तादांकडे गेली आणि त्यांचा हात घोडीच्या पायावर ठेवला. त्यांनी दाबून पाहिलं. "गार हाय. चालेल." मला वाटतं, त्यांनाही नको होतं. पण मालक शेजारी उभे होते आणि त्या महिन्यात मालक दोनदा त्यांना येवल्याला मुलीकडे जा म्हणाले होते, ते मी त्यांच्या कानात सांगितलं होतं.

कुंपणाला वीस-पंचवीस माणसं. मी छत्री उघडली. डावीकडून फेरी. घोडी दुडकत आली, कोपऱ्यावर मुलीने पाय मागे घेतला आणि घोडी उचलली. पुढचा डावा पाय पडला. मी दोन थापा दिल्या.

थापा देऊन झाल्या आणि मग मला मागचे पाय दिसले. पुढून डावा होता, मागून उजवा. दुखरा पाय वाचवायला घोडीने मागच्या मागे बदल केला होता. दोन माणसं एक ओझं घेऊन चालतात आणि पावलं जुळत नाहीत, तशी ती मधे पिळवटत होती. असं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. याला थाप नव्हती. एक म्हणजे उजवा, दोन म्हणजे डावा. दोन्ही एकदम असेल तर काय, हे आम्ही कधी ठरवलंच नव्हतं.

वरून मुलगी ओरडली, "वस्ताद, मागून तुटतेय. थांबवू?"

वस्तादांना माझ्या दोन थापा मिळाल्या होत्या. त्यांनी हात वर केला. "शाबास. सोड. सोड तिला."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे. मला तोंड होतं. थांब, एवढं एक म्हणायचं होतं. कुंपणाला माणसं उभी होती, फोन धरलेले होते, मालक उभे होते. रिंगणात दुसरा आवाज निघाला असता तर सगळ्यांना कळलं असतं की पहिल्याला ऐकू येत नाही. मी गप्प राहिले. मुलीने कायद्याप्रमाणे लगाम सोडला.

पुढच्या वळणावर घोडीचा मागचा खूर पुढच्या पायावर बसला. ती खांद्यावर पडली आणि लोळली. मुलगी खाली होती. घोडी उठली, तेव्हा मुलगी उठली नाही.

वस्तादांचा हात अजून वरच होता. जमीन हलली ते त्यांना कळलं. त्यांनी मान मागे वळवून हळूच विचारलं, "थांबली का?"

मुलीचं कमरेचं हाड तीन ठिकाणी मोडलं होतं. तिला द्वारकेजवळच्या एका दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, काठीने चालेल. घोड्यावर बसायचं आता विसरा.

त्याच संध्याकाळी मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, वस्ताद, काय झालं? हा प्रश्न त्यांच्या कानात मी ओरडून सांगितला नाही. सांगायची गरज नव्हती, त्या दिवशी दुसरा प्रश्नच नव्हता. ते म्हणाले, "पोरीनं लगाम खेचला. मी सोड म्हणलो, तिनं खेचला. तोंडातली कडी वाजली, मी ऐकली."

सगळ्यांनी मान हलवली. वस्तादांनी ऐकलं म्हणजे संपलं. मालकांना बरं वाटलं असणार. चूक मुलीची ठरली की कोणाला काही द्यावं लागत नव्हतं, कोणाला काढावं लागत नव्हतं. वस्तादांनी माझ्या बाजूला तोंडही वळवलं नाही. मी खोलीत जाऊन त्यांना भाकरी दिली. त्यांनी खाल्ली. मीही घरी जाऊन जेवले.

आठवड्याने मी दवाखान्यात गेले. बाप बाहेर बाकड्यावर झोपला होता. मुलगी छताकडे बघत पडली होती. तिला वळता येत नव्हतं. मला वाटलं होतं, ती मला शिव्या देईल. मी तयारीने गेले होते. ती म्हणाली, "मावशी, मी लगाम सोडला होता असं मला वाटतंय. पण वस्तादांनी ऐकलं ना. मग मीच ओढला असंल. भीतीनं ओढला असंल, मला आठवत नसंल."

मी पिशवीतली मोसंबी तिच्या उशाशी ठेवली. ती परत म्हणाली, बाबा विचारतोय, तू ओढलास का, तू ओढलास का. मी त्याला हो म्हणून सांगून टाकलं.

तिथे मी तिला काही बोलले नाही. बाहेर येऊन गाडी पकडली आणि सरळ तबेल्यात आले.

मालक चाऱ्याच्या खोलीबाहेर खुर्चीवर बसले होते. वस्ताद त्यांच्या शेजारी खाटेवर. मी वस्तादांच्या खांद्याला हात लावला, मी आले आहे हे कळावं म्हणून. त्यांनी सवयीने माझं मनगट धरलं. मी तशीच उभी राहून मालकांना सगळं सांगितलं. कान गेलेत. दीड वर्ष झालं. छत्री, पाठ, थापा. घोडी मागून तुटत होती, मुलगी ओरडली, मी ऐकलं, मी बोलले नाही. मुलीने लगाम ओढला नव्हता, यांनीच सोडायला लावला. मी मोठ्याने सांगत होते, लपवाछपवी नव्हती. कामावरची दोन माणसं टोपल्या खाली ठेवून ऐकत उभी राहिली. वस्ताद माझ्याकडे तोंड करून बसले होते, कपाळाला आठ्या घालून, नीट ऐकतो आहे असं दाखवत. मधे मधे मान डोलवत होते.

मालकांना पटलं नाही. ते वाकले आणि वस्तादांच्या गुडघ्याला हात लावून म्हणाले, वस्ताद, बाई काय म्हणतेय?

गुडघ्याला हात लागला म्हणजे आपल्याला काही विचारलं, एवढं त्यांना कळलं. ते म्हणाले, "बाई म्हणते तेच खरं. ती तिथंच उभी व्हती. तिनं जवळून पाह्यलंय."

मालकांनी खुर्ची जवळ ओढली. मग साध्या आवाजात, जसं पाणी मागावं तसं म्हणाले, "वस्ताद, तबेल्याला आग लागली आहे," आणि परत गुडघ्याला हात लावला.

"हां. बरोबर हाय," वस्ताद म्हणाले.

मालक उठले. दोन दिवसांत खोली रिकामी करायला सांगा, एवढं मला म्हणाले आणि मुलीच्या बापाला फोन लावत फाटकाकडे गेले. टोपलीवाली माणसंही गेली.

सांगायचं काम माझ्यावर आलं. मी खाटेवर त्यांच्या शेजारी बसले, डाव्या कानाला तोंड लावलं आणि ओरडून सांगितलं. मी काय बोलले, कोणाला बोलले, त्यावर वस्ताद स्वतः काय म्हणाले, मालक काय म्हणाले. सगळ्या तबेल्याला ऐकू गेलं असेल. आगीचंही सांगितलं. माझं मनगट अजून त्यांच्या हातात होतं. त्यांनी ते सोडलं.

मला वाटलं, शिवी देतील. ते म्हणाले, "आज एवढं बोललीस. त्या दिवशी रिंगणात तोंड नव्हतं तुला?"

लोक बघत होते, असं मी म्हणाले. नेहमीच्या आवाजात म्हणाले, त्यांना ते ऐकू गेलं नाही. त्यांनी डावा कान माझ्याकडे केला आणि वाट पाहिली.

मी पुन्हा सांगितलं नाही.